सतरा घरांचा रोट

नाताळ आला की शांतवन साळवे कोट घालून भीक मागतो. आमच्या गल्लीत सतरा घरं. हातात पातेलं घेऊन दारोदार एक मूठ पीठ मागायचं, आणि वर नखरे. दुकानाच्या पिशवीतलं नको, घरच्या डब्यातलं पाहिजे. वाटीनं नको, मुठीनं पाहिजे. माळ्याची ज्वारी, पेठकडच्या बाईची नागली, नफीसाभाभीचा मैदा, सगळं एकात कालवून अंगणात हा एवढा रोट भाजतो. दात पडलेल्यांनी लांबूनच बघावा असा. नफीसाभाभी दरसाल विचारते, "चाचा, ये रोट है की फरशी?"

मी एकदा म्हटलं, लेका, नुसत्या गव्हाचा कर ना, मऊ होईल. तर म्हणतो, "देवाला गहूच आवडला असता तर त्यानं बाजरी कशाला केली असती?" माणसांचंही तसंच, म्हणे. हात वेगळा, पाय वेगळा, पण अंग एक. एक घर सुटलं तर तो रोट शांतवनचा, देवाचा नाही.

यंदा ते एक घर माझं. दसऱ्याला माझी बायको सरू गेली. तेव्हापासून खानावळीचा डबा येतो, गॅस पेटलेला नाही. शांतवनला दारातच सांगितलं, पीठ नाही, पुढं हो. तो पायरीवर बसूनच राहिला. तिकडं सोळा घरांचं पीठ पातेल्यात, विस्तव फुललेला, पोरं ताटल्या वाजवतायत, आणि सगळी गल्ली मला शिव्या घालतेय.

चिडून सरूचा डबा काढला. तिनं दळून आणलेली बाजरी होती. इतके दिवस मी हात लावला नव्हता. झाकण उघडलं तर खवट वास. म्हटलं, कडू झालंय रे.

त्यानं वास घेतला. "घाल. तुझ्या घरचं आहे ना?"

एक मूठ घालायची, पण माझा हात थांबेना. अख्खा डबा उपडा केला.

रोट काय खरपूस झाला, काय वास सुटला! पण पहिल्या घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी. थुंकलं मात्र कोणी नाही. माझ्याकडं न बघता चावत राहिले.

शांतवननं तर दुसरा तुकडा उचलला. म्हटलं, अरे, कशाला जिवावर उठलास?

कोटावरचा चुरा झटकत तो म्हणाला, "माझी मार्था गेली त्या साली माझंही पीठ असंच झालं होतं, तात्या. तुझी सरू दोन तुकडे खाऊन गेली. बोलली नाही काही."