बेल अवश्य वाजवावी

आमच्या समोरच्या दारावर पाटी होती : ‘दुपारी १ ते ४ बेल अवश्य वाजवावी. पाणी मिळेल. कारण विचारले जाणार नाही.’

पुण्यात! वारज्याच्या त्या बिल्डिंगमध्ये सामान घेऊन जिना चढताना मी ती वाचली आणि हातातली कुकरची पिशवी पायावर पडली. मी अकोल्याची. हिंजवडीत कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या, त्यातल्या एकीत नोकरी लागली. निघाले तेव्हा जो भेटेल तो एकच सांगायचा, बाई गं, तिथं दुपारी कुणाची बेल वाजवू नकोस, माणसं अंगावर येतात. आणि इथे हा गृहस्थ आग्रहाचं आमंत्रण देऊन बसलेला.

गृहस्थ म्हणजे परचुरेकाका. सत्तरीच्या पुढचे, एकटे, एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. पिशवीचा आवाज ऐकून त्यांनी दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाव नाही, गाव नाही, थेट विचारलं, "सकाळी लघवीचा रंग काय होता?"

मी गारच पडले. नवऱ्याला कंपनीनं सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलेलं, मी एकटी, आणि शेजार हा असा! धाडकन दार लावून घेतलं. बाहेरून शांतपणे आवाज आला, "लाजू नका. मूत्रपिंडं लाजत नाहीत."

पुढे कळलं की मार्च ते जून हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. वॉचमनला, गॅसवाल्याला, सोसायटीच्या चेअरमनलासुद्धा. उत्तर लिंबाच्या सरबताकडे झुकलं तर पास. चहाकडे झुकलं की जिन्यातच उभं करून दोन तांबे पाणी पाजणार. एकदा मी मोबाइलवर मॅनेजरशी बोलत जिना उतरत होते, तर काकांनी फोनकडे बोट दाखवून मोठ्यानं विचारलं, "यांचा कसा आहे?" मॅनेजर बंगलोरचा, त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून माझी नोकरी वाचली.

दुसरी खोड याहून छळवादी. एक ते चार हे काका झोपायचे नाहीत. दर अर्ध्या तासाला खाडकन कडी काढायची, जिन्यात वर-खाली डोकवायचं, पुन्हा कडी लावायची. शनिवार-रविवारची माझी झोप त्या कडीनं खाल्ली. एकदा वैतागून मी विचारलंच, की रोज कुणाची वाट बघता? "ऊन बघतो," म्हणाले आणि दार लावलं. पुणेरी माणसाकडून याहून जास्त माहिती मिळत नसते, हे एव्हाना मला कळलं होतं.

मे महिन्यात माझे बाबा आले. अकोल्याहून रेल्वेतून कूलर घेऊन आले! लेकीनं कूलरशिवाय घर मांडलं, हा धक्का त्यांना सहन झाला नव्हता. पुण्याच्या उन्हाला मात्र ते मोजायलाच तयार नव्हते. "याले काय ऊन म्हणतात? आमच्याकडे एवढ्या उन्हात लोकं स्वेटर घालतात," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. परचुरेकाकांनी त्यांनाही तो प्रश्न विचारला. बाबा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, की या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही, तू घर बदल.

सोमवारी ऑफिसला निघताना मी बाबांना दोनदा बजावलं. किल्ली घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि दुपारी इथे कुणाची बेल वाजवू नका.

पावणेतीनला फोन आला. "परचुरे बोलतोय. तुमचे वडील जिन्यात सापडले. अंग भाजतंय, घाम थांबलाय, बोलणं असंबद्ध आहे. ॲम्ब्युलन्स निघाली आहे. रडत बसू नका, निघा."

हिंजवडीहून काकांनी सांगितलेल्या दवाखान्यापर्यंत रिक्षा कुठून कशी गेली, देवाला ठाऊक. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, माझ्या माहेरी आता बाबांशिवाय कुणी नव्हतं. पोचले तेव्हा बाबांना सलाइन लागलं होतं. शेजारी काका उभे, धोतर ओलंचिंब. गार पाण्याच्या पट्ट्या मानेवर, काखेत, जांघेत ठेवून, पंखा लावून, त्यांनी बाबांना ॲम्ब्युलन्स येईपर्यंत धरून ठेवलं होतं. शुद्ध हरपत होती म्हणून तोंडात पाण्याचा थेंब ओतू दिला नव्हता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर काही सांगता आलं नसतं.

अर्धा तास. ती कडी मला आठवली आणि मी भिंतीला टेकून खालीच बसले.

बाबा शुद्धीवर आल्यावर उलगडा झाला. कूलरला लावायची खस आणायला म्हणून भर दुपारी निघाले. दुकानं एक ते चार बंद. एक बंद म्हणून दुसरं, दुसरं बंद म्हणून तिसरं, असे दीड तास उन्हात फिरले. परत आले तर किल्ली घरात आणि दार लॅचनं बंद. मग पायरीवर बसले, काकांच्या पाटीच्या बरोबर समोर.

आपणच बजावलं होतं हे विसरून मला संतापच आला. "बाबा, एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, वाजवायची ना बेल!"

बाबा खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "पुणेकरानं लिवलं होतं ना. मले वाटलं, टोमणा हाय."

हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

तीन दिवसांनी बाबा घरी आले. काकांचे उपकार कसे फेडावे हे सुचेना, तेव्हा बाबांना त्या पाटीचा सैल झालेला खिळा दिसला. दुपारी दोनच्या सुमारास हातोडी घेऊन त्यांनी पाटी उतरवली, उलटी केली आणि मला हाक मारली. मागच्या बाजूला जुनी, फिकी अक्षरं होती : ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. कोणीही.’ खाली अर्धी पाटी कोरी.

तेवढ्यात कडी वाजली. अडीच झाले होते. काका दारात उभे राहिले, बाबांच्या हातातली पाटी बघत.

"शनिवार पेठेत होतो तेव्हाची," ते म्हणाले. "शेवटचा मजला, जिन्यावर पत्रा. मालती मंडईतून आली. किल्ली विसरली होती. मी आत झोपलो होतो. ती पायरीवर बसून राहिली. मी चारला उठलो."

काकांनी बोटानं तो कोरा भाग पुसल्यासारखं केलं.

"‘पत्नी सोडून’ एवढं लिहायला जागा होती हो पाटीवर."

बाबांनी पाटी सरळ केली आणि दोन्ही बाजूंना दोन खिळे मारून पक्की बसवली. मग, काका समोरच उभे असताना, त्यांनी हात लांब करून बेल वाजवली.

"परचुरेसाहेब," बाबा म्हणाले, "पाणी पाजता का?"

काका आत गेले. तांब्या भरून आणायला त्यांना त्या दिवशी बराच वेळ लागला.