घरच्या बाईचा निरोप

कुंताला नवऱ्याशी एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोलायला घरात जागा नव्हती.

"मले धानोऱ्याले संगं घेऊन चाला," एवढंच ते वाक्य. प्रफुल धानोऱ्याला एका बांबूच्या ठेकेदाराकडे मुनीम होता. खोली भाड्याची, स्टोव्ह स्वतःचा, वरण बहुधा करपलेलं. कुंता मूल गावाजवळच्या खेड्यात, त्याच्या आईवडिलांपाशी. तो सणावाराला यायचा तेव्हा सासूबाई आपलं अंथरूण त्याच्या खाटेला लागूनच घालायच्या, कारण मायलेकाचं बोलणं व्हायचं असे. पलीकडे सासरे, बापूजी, दम्यामुळे बसून रात्र काढत. भिंतीला कान असतात म्हणतात. या घरात भिंती कमी आणि कान जास्त होते.

म्हणून नाटकाला जायचं ठरलं.

त्या नाटकाला एक जुना धागा होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात प्रफुलने मूलहून भाड्याने सीडी प्लेअर आणला होता. सीडीच्या कव्हरवर हीरो-हिरोइन गळ्यात गळा घालून उभे. आतून निघालं इंग्रजी कार्टून. एक खार, एक लांडगा, आणि शेवटी दोघं नाचत नाचत बर्फातून कुठेतरी दूर निघून जातात. सासूबाई म्हणाल्या, "जनावरं तं आपल्या कोठ्यात हायेत. पैशे देऊन कायले पाहाचे?" आणि झोपायला गेल्या. संसारातला दोघांचा असा तो एकच तास, आणि तोही दुकानदाराच्या चुकीने मिळालेला. प्रफुल खारीसारखे दात काढून दाखवत होता आणि कुंता तोंडात पदर कोंबून हसत होती.

यंदा धान कापून झालं, मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायची वेळ आली, आणि नाटकाचं पोस्टर लागलं : 'संगीत खारूताई, अर्थात वाघानं पुसलं कुंकू'. कंपनीच्या मालकाने म्हणे तेच कार्टून पाहिलं होतं. लांडग्याचा त्याने वाघ केला होता, कारण लांडग्याला या जिल्ह्यात कोणी भीत नाही. बर्फाच्या जागी कापूस. कुंकू मूळ खारीला नव्हतंच. पण कुंकवाशिवाय या भागात तिकीट खपत नाही.

कुंताने एसटीडीवरून धानोऱ्याला फोन लावला. "आपलंच कार्टून हाये जी. मले काही सांगाचंबी हाये."

"मंग दोघंच जाऊ," प्रफुल म्हणाला. "नाटक सुटलं का सकाळी मी तिथूनच पहिली बस धरीन. बाईले सांगून ठेव."

बाई म्हणजे त्याची आई. त्या भागात निम्म्या घरांत आईला बाईच म्हणतात. कुंताने बाईला सांगितलं, आणि तिथेच घात झाला. गावात नाटक आणि घरात पाहुणा नाही, ही नाक कापल्यासारखी गोष्ट. सासूबाईंनी दिसेल त्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप धाडला. मंडईच्या दिवशी गडचिरोलीहून नणंद इंदुताई आली, तिची तीन पोरं आली, तिची सासू आली, आणि सासूची एक मैत्रीण आली जिला घरात कोणीच ओळखत नव्हतं, पण जिने सगळ्यांत आधी चहा मागितला. कुंता सकाळपासून वडे तळत होती. प्रफुल दुपारी आला, तेव्हा तेलाच्या धुरातून तिला त्याचे फक्त पाय दिसले.

संध्याकाळी तिने ठेवणीतलं मोरपंखी लुगडं नेसलं आणि पदराच्या गाठीत फुटाणे बांधले. दोघांपुरते.

"वयनी, आमीबी संगंच येतो ना," इंदुताई म्हणाली. "तुमी एकट्या कुठी जाता?"

"एकटी नाई. ह्यायच्या संगं."

"तेच म्हणतो मी. एकट्या."

शेतात लोकांना बसायला उतरता खड्डा खणून वर मंडप घातला होता. तरीही कुंताची आशा सुटली नव्हती. गर्दीत माणसं चुकतात. आपणही मुद्दाम चुकू, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण दाराशी बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता उभा होता आणि मंडपाच्या मधोमध दोर बांधलेला होता.

"बाया इकडं, माणसं तिकडं!"

"आमी नवराबायको आहो," प्रफुल म्हणाला.

"मंग घरी बसाचं ना संगं! नाटकात कायले?"

मागची रांग हसली. प्रफुलही हसला, आणि हसत हसतच दोराच्या पलीकडे गेला. कुंताला त्याच्या हसण्याचा राग आला, तो दोरापेक्षा जास्त.

ती सासूबाई आणि इंदुताई यांच्या मध्ये बसली. पडदा वर गेला. कापसाच्या बर्फात खार आली. नागपूरची नटी होती, अंगाने चांगली भरलेली. तिने शेपटी सावरत गाणं म्हटलं. वाघाने डरकाळी फोडली तेव्हा इंदुताईच्या पोरांनी भीतीने कुंताच्या पदराची गाठ धरली, आणि वाघ विंगेत जाईपर्यंत फुटाणे संपवून टाकले. सासूबाई पहिल्या अंकापासूनच रडत होत्या. वाघ चांगला की वाईट, हे ठरायचं होतं; पण त्यांना थांबायला वेळ नव्हता.

दुसऱ्या अंकानंतर कुंताला हिशोब उमगला. पडदा पडला की प्रफुल पिशवी घेऊन तसाच रस्त्याला लागणार, मग थेट होळीला दिसणार. "जरा येतो," म्हणून ती उठली आणि स्टेजच्या कडेला, माइकवाल्या सोमाजीकडे गेली. सोमाजी बक्षिसांची नावं पुकारत असे, हरवलेली पोरं पुकारत असे, आणि मध्ये जागा मिळाली की भाषणही करत असे.

"सोमाजीभाऊ, एका माणसाले बायाच्या गेटपाशी बोलावता का?"

"माणूस उठला का जागा जाते, बाई. जागा गेली का मारामारी होते. निरोप असन तं सांगा, पोचवतो. कोणाले?"

आता नवऱ्याचं नाव घ्यायची पंचाईत. "ते... धानोऱ्याचे मुनीम."

"प्रफुलभाऊ! समजलं. कोणाचा निरोप म्हणू?"

आपलं नाव भर मंडपात घुमलं तर सासूबाई काय म्हणतील, हे तिला दिसलं. "घरच्या बाईचा म्हणा," ती म्हणाली.

"आन काय सांगू?"

कुंताने मागे पाहिलं. पडद्याआड कोणीतरी घंटा वाजवली. इतके महिने घोकलेलं वाक्य तिने एका श्वासात सोमाजीच्या कानात टाकलं.

सोमाजीने घसा साफ केला. "रसिक मायबापहो! धानोरा येथे नोकरी करणारे प्रफुलभाऊ जिथी असतीन तिथी त्यायनं ध्यान देऊन ऐकावं! तुमच्या घरच्या बाईचा निरोप हाये, का बाप्पा, लय दिवस वाट पाहिली, आता मले धानोऱ्याले संगं घेऊन चाल!"

'चाला' मधला एक काना सोमाजीने खाल्ला. तेवढा पुरला.

मग पुरुषांच्या बाजूने ओरडा उठला आणि लोकांनी प्रफुलला डोक्यावरून पुढे ढकललं. स्टेजवर तो कापसात अडखळला. सोमाजीने त्याच्या हातात माइक दिला. कुंता विंगेच्या बांबूला धरून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण काहीतरी बरोबर केलं.

"बाई," प्रफुल म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "बाई, तू एवढे दिवस मनात ठेवलं? लहानपणी खांद्यावर घेऊन मले मंडई दाखवली तू. आज भर मंडपात तुले सांगा लागलं, मले लाज वाटून राह्यली. उद्याच चाल, बाई! पहिल्या बसनं!"

टाळ्या पडल्या. बायांच्या बाजूला सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "मी तं काही बोललीच नाई," त्या इंदुताईला म्हणत होत्या, "माह्या मनातलं पोरानं वळखलं वो!" इंदुताई रडली, तिची सासू रडली, अनोळखी मैत्रीणही रडली. खारीनेसुद्धा विंगेत शेपटीने डोळे पुसले.

शेवटच्या अंकात वाघ खारीला न्यायला आला. खार गेली नाही. सासरची सेवा करत ती झाडावरच राहिली, आणि पब्लिकने त्या गाण्याला वन्स मोअर दिला.

उजाडता उजाडता सासूबाई गाठोडं आणि लोणच्याची बरणी घेऊन बसच्या खिडकीत बसल्या. "कुंते, म्हशीले पाणी पाजजो! बापूजीले काढा देजो! मी नाई तं कोण पाहीन पोराले, तूच सांग!"

प्रफुल दारात पाय ठेवून वळला. "तुले काही सांगाचं होतं म्हणे फोनवर?"

"सांगतलं ना जी."

"कवा?"

"माइकवर."

त्याचं तोंड उघडं राहिलं, दात दिसायला लागले. अगदी तसेच, कार्टूनच्या रात्रीसारखे. त्याने खिडकीकडे पाहिलं, कुंताकडे पाहिलं, पुन्हा खिडकीकडे पाहिलं. "मंग आता... बाईले उतरवू म्हणतेस?"

'म्हणतेस' म्हणजे ते तिनेच म्हणायचं होतं.

"नका," कुंता म्हणाली. "पब्लिकनं टाळ्या वाजवल्या हायेत."

कंडक्टरने घंटी मारली. सुटका झाल्यासारखा प्रफुल आत चढला.

दुपारी पाहुणेही गेले. कुंता तेलकट कढई घासत होती, तेवढ्यात टोपलीत बोडीची, म्हणजे छोट्या तळ्यातली मासोळी घेऊन लच्छू ढिवराची बायको अंगणात आली.

"घरची बाई हाये का वो घरी?"

कुंताने राखेचे हात तसेच ठेवले. "बोल. मीच आहो."

"अगाई, म्हातारी खरंच गेली? आता राज तुमचंच वो! सांगा, किती देऊ?"

आतून बापूजी खोकले.

"दे," कुंता म्हणाली, "दोघांपुरती."