आधी नाना खाणार

सकाळी शाळेला निघालेल्या कुठल्याही पोराला नाना शितोळे रस्त्यात अडवायचे आणि विचारायचे, "काय खाल्लंस?" नाव नाही, यत्ता नाही, बाप कोण तेही नाही. पोरानं हातातलं वेफर्सचं पाकीट दाखवलं की नाना कपाळाला हात लावायचे.

"अरे, हे खाणं नव्हे. हा नुसता आवाज आहे!"

बडोद्यातल्या वाडीत आमच्या घरासमोरच ते राहायचे. पणजोबा संस्थानी फौजेत होते, त्यामुळे भरघोस मिशा आणि हुकूम सोडायची सवय दोन्ही वारशानं आलेल्या. स्वतः नाना मात्र एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट सांभाळून निवृत्त झाले होते. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात बोलणारा एक रेडिओ, आणि त्याच्याशीसुद्धा नानांचं पटत नसे. बातम्या ऐकता ऐकता ते मोठ्यानं त्याला खोडून काढायचे. रात्री गल्ली शांत झाली की आम्हाला ते भांडण स्पष्ट ऐकू यायचं.

ती रंगीत पाकिटं तेव्हा नुकतीच आली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांची तोरणं लटकायची. गल्लीच्या टोकाला प्राथमिक शाळा, तीही सकाळची. आईबाप दोघंही कामाला पळणारे. पोराच्या हातावर नाणं ठेवलं की नाश्ता झाला. एक दिवस प्रार्थना चालू असताना एक मुलगी चक्कर येऊन पडली. शाळेचं पटांगण नानांच्या ओट्यावरून दिसायचं. दुसऱ्या दिवशी उकडलेल्या मुगाचा डबा घेऊन नाना मुख्याध्यापिकेच्या खोलीत हजर, आणि साक्षीदार म्हणून मला ओढून नेलेलं.

मुख्याध्यापिका हंसाबेन मोठ्या सज्जन बाई, पण भित्र्या. म्हणाल्या, "काका, भावना सारी छे, चांगली आहे. पण काही झालं तर? पोरांच्या पोटात दुखलं तर जवाबदारी कोणाची?"

"माझी," नाना म्हणाले. "मी आधी खातो. इथंच, तुमच्यासमोर. मग अर्धा तास बसतो. मेलो तर वाटू नका."

आणि खरोखरच त्यांनी ताटली भरून मूग खाल्ले आणि हात गुडघ्यावर ठेवून ताठ बसून राहिले. हंसाबेन टक लावून बघत होत्या. मध्येच नानांना ढेकर आली तेव्हा त्या दचकून उठल्यासुद्धा. शेवटी नाना म्हणाले, "जिवंत आहे. वाढा आता."

तेव्हापासून हा नियमच झाला. नानांनी गल्लीतल्या सगळ्या बायकांना वार वाटून दिले. "सूनबाई, मंगळवार तुमचा. पोहे!" माझी बायको उत्साहानं पोहे करायची आणि बडोद्याच्या रिवाजाप्रमाणे वर शेव पेरायची. नाना ती चमच्यानं बाजूला काढायचे. "शेव ही सवय आहे सूनबाई, अन्न नव्हे." मंगळवारी आमच्या घरात पुढचा तासभर भांडी जोरात आपटायची.

पण डबा मात्र वेळेवर जायचा. शाळा भरण्याआधी नाना हंसाबेनसमोरच्या खुर्चीवर बसून खायचे. सुरुवातीला बेन आपलं हजेरीपत्रक बघत बसायच्या. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "मीठ बराबर छे?" दुसऱ्या दिवशी, "घरी असा उपमा कोण करायचं?" हळूहळू पेन बाजूला राहायला लागलं. नाना एकेका घासाचा निकाल द्यायचे आणि बेन हसायच्या. डबा उचलायला मी गेलो की दोघांच्या गप्पा चाललेल्या असायच्या.

पुढे वर्षभरानं हंसाबेन म्हणाल्या, "काका, आता माझी भीती गेली. उद्यापासून तुम्ही खाऊन दाखवायची गरज नाही. उगाच तकलीफ का घेता?"

नाना "बरं" म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते गेलेच नाहीत. डबा माझ्या हातात दिला. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी मी त्यांच्याकडे डोकावलो तर दार अर्धवट लोटलेलं, रेडिओ बंद, आणि नाना भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"बरं नाही का?"

"बरं आहे. पण आता माझं तिथं काम काय?" मग म्हणाले, "ही गेल्यापासून मी जेवताना समोर कोणी बसलं नव्हतं हो. बेन बसायच्या."

दुसऱ्या दिवशी डबा द्यायला गेलो तेव्हा मी ते हंसाबेनना जसंच्या तसं सांगितलं. दुपारी शाळा सुटल्यावर त्या पदर खोचून थेट नानांच्या ओट्यावर आल्या.

"काका, हे चालणार नाही. तीन दिवस मी मुलांना काही वाढलं नाही. तुम्ही खाल्ल्याशिवाय माझी हिंमत होत नाही."

"म्हणजे?" नाना ताडकन उठले. "पोरं उपाशी?"

"उपाशी."

"अहो, तुम्ही मुख्याध्यापिका आहात की कोण! पोरं उपाशी ठेवता?" मिशा थरथरत होत्या. बेन मान खाली घालून निमूट बोलणी खात होत्या.

मी आमच्या दारातून ऐकत होतो. तिन्ही दिवस डबे आमच्याच घरी परत आले होते, आणि तिन्ही दिवस तळाशी एक दाणासुद्धा उरलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्वच्छ सदरा घालून शाळेत गेले. मी डबा घेऊन मागे. हंसाबेननी हजेरीपत्रक मिटलं, ताटली वाढून नानांपुढे सरकवली आणि स्वतःची खुर्ची थोडी पुढे ओढून बसल्या. नानांनी घाईघाईनं पहिला घास घेतला.

"निरांते खाओ, काका," बेन म्हणाल्या. "प्रार्थनेला अजून वेळ आहे."

नानांनी त्यांच्याकडे एकवार बघितलं. मग मान खाली घातली आणि ताटलीतला एकेक मूग सावकाश चावून खाऊ लागले.