दुसऱ्या गुडघ्यावरचा बाण

डॉक्टर चेतना चौधरींनी हेमकांत पाटलांच्या उजव्या गुडघ्यावर निळ्या पेनानं बाण काढला, तेव्हा ते नुसतेच घाबरले. डाव्या गुडघ्यावरही काढला, तेव्हा मात्र त्यांना दरदरून घाम फुटला. डावा गुडघा ठणठणीत होता.

डॉक्टरबाईंनी समजावलं. उजव्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, गेल्या वर्षी दुरुस्त केली होती. ती टिकली नाही. पेशंटनं सगळं पथ्य पाळूनही का टिकली नाही, हे काही कळत नव्हतं. म्हणून या खेपेला डाव्यातला चांगला तुकडा काढून उजव्यात बसवायचा.

पथ्य! सहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता आणि चौथ्याच आठवड्यात गावी, कोरीटला, कानबाई देवीचं विसर्जन आलं. घरची कानबाई बायकोच्या, रंजनाबाईंच्या, डोक्यावर, पुढं बँड, मागं सगळी भावकी फुगड्या घालत आणि पुतण्या कुंदन मोबाईलवर सगळं टिपत. हेमकांतरावांनी दारात कुबड्यांवर उभं राहून एक गाणं कसंबसं काढलं. दुसऱ्या गाण्याला कुबड्या भिंतीला टेकल्या आणि ते नदीपर्यंत नाचत गेले. डोक्यावर देवी असल्यामुळं बायकोला मागं वळून बघता येत नव्हतं, तेवढं बरं होतं.

गुडघा सुजला तेव्हा त्यांनी घरी सांगितलं, ऑपरेशनच बिघडलं असणार. झालं. रंजनाबाईंनी दवाखान्यात येऊन डॉक्टरबाईंची अशी हजेरी घेतली की रांगेतले पेशंट उठून बघायला आले. त्यानंतर खरं सांगायची सोय राहिली नाही.

आता त्याच रंजनाबाई खाटेशेजारी उभ्या होत्या. स्ट्रेचर आलं. बोललं तर बायको आणि न बोललं तर चांगला पाय, अशा कात्रीत हेमकांतराव सापडले. बावीस वर्षं शाळेत शिकवलेली शुद्ध मराठी त्यांना ऐन वेळी सोडून गेली आणि घरची अहिराणी बाहेर पडली.

"बाई, थांबा. चूक तुमनी नही, मन्ही शे. कानबाईना विसर्जनले मी नाचनू."

डॉक्टरबाईंनी स्पिरिटचा बोळा घेऊन डाव्या गुडघ्यावरचा बाण पुसला. गेल्या वेळचीच दुरुस्ती पुन्हा करू म्हणाल्या, पण सहा आठवडे पाय टेकवायचा नाही.

हेमकांतरावांनी भीतभीत बायकोकडं पाहिलं. ती शांत होती.

"माले माहीत शे," रंजनाबाई म्हणाल्या. "कुंदनना मोबाईलमा तवयच दखं मी."

"मंग तू डॉक्टरबाईसंगे कसाले भांडनी?"

"लोकेसनी तुमले नावं ठेवाले नको म्हनीसन. तुमले बोलाना हक मन्हा एकलीना शे." त्यांनी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. "वरीसभर थांबनू. आते सहा आठोडा तुम्ही खाटलावर, अनी मी समोर."

स्ट्रेचर दारापर्यंत गेलं, तेव्हा हेमकांतरावांनी डॉक्टरबाईंचा हात धरला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, ते सहा आठवडे मला इथंच ठेवून घेता येईल का?"