चार वर्षं वळती, एक दिवस बाकी

एक फाईल या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर न्यायची, तर त्यासाठी दुकानातल्या माणसाच्या पाया पडायची काय गरज आहे, मी आहे ना, असं मी एका संध्याकाळी चहा पिता पिता म्हणालो. एवढंच म्हणालो.

"तू आहेस म्हणूनच दुकानाचा पत्ता शोधतेय," बायको म्हणाली.

हे मला लागलं. मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावकला आहे आणि तिथे मला कॉम्प्युटरमधलं कळतं अशी समजूत आहे. एकदा सगळ्या मजल्याचा प्रिंटर बंद पडला होता, तेव्हा मी जाऊन भिंतीवरचं बटण चालू केलं होतं. (लोकांची समजूत आपण होऊन मोडू नये, असं माझं मत आहे.) ऑफिसात एवढा मान आणि घरात ही किंमत, म्हटल्यावर मी बाह्या सरसावल्या.

फाईल होती माझ्या सासऱ्यांची. सासरे बसडेपोत वेळापत्रकं बनवायचे. निवृत्त झाल्यावर हाताशी बसगाड्या उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी घराचं वेळापत्रक बनवलं. कचरा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा, गॅस कधी सांगायचा, कोणती गोळी किती वाजता, कोणाचा वाढदिवस कधी, सासूबाई गेल्या तो दिवस कोणता, सगळं एका फाईलमध्ये, रांगेनं. आणि त्यांचा एक नियम होता. तारीख फाईलमध्ये चढली की तिचा कागद फाडून टाकायचा. "एक वेळ दोन बोर्डांवर लिहिली की प्रवासी ड्रायव्हरच्या अंगावर येतात," असं ते म्हणायचे.

त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. म्हणून ते त्यांच्या घराला कुलूप लावून आमच्याकडे राहायला आले, येताना तो जुना कॉम्प्युटर घेऊन आले. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. सर्जन बाहेरून यायचे, ठरलेल्या दिवशीच यायचे. "ही तारीख चुकवू नका, झडप फार वाट बघणार नाही," असं डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं. सासऱ्यांनी घरी येऊन तारीख फाईलमध्ये चढवली आणि हॉस्पिटलचा कागद फाडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना कॉम्प्युटरसमोर फार वेळ बसवेना आणि तो कॉम्प्युटरही त्यांच्यासारखाच धापा टाकायला लागला. फाईल बायकोच्या लॅपटॉपवर घ्यायची ठरली, ती यामुळे.

बायको इमारतींचे नकाशे काढते. तिचा लॅपटॉप वेगळ्या जातीचा, त्यातला प्रोग्राम वेगळा. मी फाईल उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. दुसऱ्या पद्धतीनं उघडली, तर डॉक्टरांच्या फोन नंबरच्या जागी एक दशांश अपूर्णांक. मी एका अधिक साध्या प्रकारात फाईल बदलून घेतली, तिथून सगळं उचललं आणि तिच्या एका रिकाम्या तक्त्यात ओतलं. या वेळी अक्षरं आली. मी विजयानं तिला हाक मारली.

तिनं गोळ्यांची रांग वाचली. "रक्त पातळ करायची गोळी. किती? एक फेब्रुवारी."

"काय?"

"बाबांना रात्री जेवणानंतर एक फेब्रुवारी द्यायची आहे. पाण्याबरोबर देऊ का दुधाबरोबर?"

सासऱ्यांनी अर्धी गोळी म्हणून एक, तिरकी रेघ, दोन असं लिहिलं होतं आणि लॅपटॉपनं ती तारीख धरली होती. मी हातानं सगळीकडे 'अर्धी' असं लिहिलं. मग तिनं ऑपरेशनच्या रांगेवर बोट ठेवलं.

"हे चार वर्षांनंतरचं आहे."

बघितलं, तर सगळ्याच तारखा चार वर्षं पुढे गेलेल्या. सासूबाई अजून चार वर्षं जगल्या असत्या तर मला आनंदच होता, पण बायकोचा चेहरा बघून मी तो बोलून दाखवला नाही. हा पेच मात्र मी असा सोडवला की ऑफिसात असतो तर टाळ्या पडल्या असत्या. एक सूत्र लिहिलं आणि सगळ्या तारखांमधून एका फटक्यात चार वर्षं वळती केली. साल बरोबर, महिना बरोबर.

"तारखा तपासल्यात ना, जावईबापू?" सासऱ्यांनी पलंगावरून विचारलं.

"सगळ्या," मी म्हणालो. (सालं तपासली होती. तारखेत साल असतंच.)

जुन्या कॉम्प्युटरमधली माहिती चोरीला जाते असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मी तो आतून पार पुसून काढला आणि दुसऱ्याच दिवशी भंगारात दिला. बायकोला म्हणालो, काम कसं मुळापासून करावं.

त्यानंतर आमच्या घराला काय झालं कळेना. कचऱ्याची पिशवी फाईलप्रमाणे बाहेर ठेवावी, तर ती दिवसभर दारात वास मारत बसे. "गाडीवाल्यांनी वार बदलला असेल," मी म्हणायचो. बायकोच्या मावशीला वाढदिवसाचा फोन केला, तर मावशी नीट बोलल्या नाहीत. "वय झालं की माणसं तुटक होतात," मी म्हणालो. माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

मग एका सकाळी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळ बसलेले दिसले. सासूबाई गेल्या त्या दिवशी ते दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालतात आणि दिवसभर रेडिओ लावत नाहीत, एवढंच त्यांचं करणं असतं.

"बाबा, आज नाही," बायको हळूच म्हणाली. "फाईलमध्ये उद्या आहे."

"आज आहे, बाळ."

मी लॅपटॉप आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. मदत म्हणून. त्यांनी चष्मा लावून आपल्याच फाईलमधली ती रांग वाचली, पुन्हा वाचली. आयुष्यभर ज्या माणसाच्या सांगण्यावर गाड्या सुटल्या, तो माणूस त्या एका तारखेवरून बोट फिरवत राहिला. मग उठून त्यांनी शर्ट काढला आणि हँगरला लावला.

"फाईल म्हणते तर उद्या," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात बायको ओट्याला टेकून रडली. "हृदयाचं मी समजू शकते रे. पण त्यांचं डोकं जायला लागलंय. आईचा दिवस विसरले ते." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. या वयात असं व्हायचंच, आपण त्यांना सांभाळून घेऊ, असं मी म्हणालो. त्या वेळी मला स्वतःविषयी फार चांगलं वाटलं, हे सांगताना आज जीभ जड होते.

सासऱ्यांचा त्यानंतर स्वतःवरचा विश्वास उडाला. आज काय वार, हे त्यांनी दुधवाल्याला, शेजाऱ्यांना, फोनवर चुकून लागलेल्या माणसालासुद्धा विचारून घ्यावं. उत्तर मिळालं की ते मान हलवायचे आणि ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून बघायचे. ऑपरेशन जवळ आलं तेव्हा त्यांनी मला पलंगाजवळ बोलावलं.

"माझ्या डोक्यात बारा तारीख आहे. बारा ना?"

"तेरा, बाबा. ही बघा." मी लॅपटॉप पुन्हा पुढे केला.

त्यांनी तो बघितलाच नाही. "तेरा तर तेरा. माझ्या डोक्याचं आता काही खरं नाही."

तेराला पहाटे आम्ही निघालो. सासरे उपाशी, बायको न बोलता त्यांचा हात धरून, मी बॅग घेऊन. काउंटरवरच्या बाईंनी नाव बघितलं, मग आमच्याकडे बघितलं.

"तुमचं काल होतं. बारा तारखेला. सर्जन रात्रीच परत गेले."

"फोन तरी करायचा," बायको म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"दिवसभर केला. तुम्ही दिलेल्या घरच्या नंबरवर." तो फोन सासऱ्यांच्या कुलूपबंद घरात वाजत राहिला होता.

मी बॅगेवरच बसलो. बायको काय करेल या भीतीनं मी तिच्याकडे बघत होतो, म्हणून सासऱ्यांकडे माझं लक्ष उशिरा गेलं. ते व्हीलचेअरवर ताठ बसले होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"बारा," ते काउंटरवरच्या बाईंना म्हणाले. "पुन्हा एकदा सांगता का?"

"बारा, आजोबा. काल."

"म्हणजे डोकं शाबूत आहे माझं," ते म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना धाप लागली, ओठ निळे पडले, आणि नर्स ऑक्सिजन घेऊन धावली. नळी लावलेली असतानाही ते बायकोला बोटांनी एक आणि दोन असं करून दाखवत होते.

सर्जनची पुढची तारीख महिन्यावर गेली. एका दिवसाचं गणित मला नंतर उलगडलं. कॉम्प्युटर तारखा साठवतो ते एका ठरलेल्या दिवसापासून मोजून. सासऱ्यांच्या जुन्या प्रोग्रामचा तो पहिला दिवस वेगळा आणि बायकोच्या लॅपटॉपवरचा वेगळा, दोघांमध्ये अंतर चार वर्षं आणि एक दिवस. चार वर्षं मी वळती केली होती. एक दिवस तसाच राहिला होता आणि आमच्या घरात राहून तो कचऱ्यापासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना उशीर करत होता. मी हे बायकोला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीवर खिळा ठोकून एक साधं कॅलेंडर टांगलं. तारखा आता ती पेन्सिलनं त्याच्यावर लिहिते. पेन्सिलीला टोक करायचं काम माझ्याकडे आहे.

तो महिना कसा गेला ते विचारू नका. सासरे खोकले की मी खोलीच्या दारात, खोकले नाहीत तरी मी दारात. बायको माझ्याशी बोलायची, पण फक्त जेवढं लागेल तेवढं. सासऱ्यांनी मात्र एका अक्षरानं दोष दिला नाही, उलट इस्त्रीचा शर्ट घालून एक दिवस ते पुन्हा खिडकीत बसले. "चुकीच्या दिवशी बसवलंत मला, तिचा खरा दिवस हुकला, तो भरून काढतोय," एवढंच म्हणाले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

पुढच्या तारखेला आम्ही आदल्या दिवशीच जाऊन बसलो. स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी थांबलं तेव्हा सासऱ्यांनी बायकोला खाली वाकायला सांगितलं. मी पायाशी उभा होतो, मला सगळं ऐकू आलं.

"यातून उठलो नाही, तर तारीख तू लिही. जावईबापूंना लिहू देऊ नकोस. उगाच एक दिवस जास्त जगलो असं दिसेल."

दार बंद झालं. बायको हसली आणि लगेच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो.

ते उठले. दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "आज तारीख काय?"

मी सांगितली. बरोबर सांगितली, बाहेर बसून सारखी घोकत होतो. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं नर्सकडे बघितलं. नर्सला आमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं, पण तिनंही एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली.

"बरोबर आहे, आजोबा," ती म्हणाली.

तेव्हा कुठे त्यांनी निर्धास्तपणे डोळे मिटले.