रिकाम्या फेरीचा हिशेब

धंदा आणि संसार यांत फरक एवढाच, की धंद्याचा हिशेब ठेवावा लागतो.

आमचे हे, म्हणजे चन्नप्पा, सोलापुरात मोबाइलवर गिऱ्हाईक घेऊन रिक्षा चालवतात. रिक्षा दुसऱ्याची, रोज तीनशे मालकाला. हिशेबाची पद्धत शास्त्रशुद्ध होती: डावा खिसा गॅसचा, उजवा मालकाचा, शर्टाचा घरचा. रविवारी मी कपडे भिजवले की तपासणी पूर्ण. (गेल्या वर्षीची तूट: विसाच्या चार नोटा, साबणासह.)

स्वतःच्या रिक्षासाठी कर्ज काढायचं ठरलं, तेव्हा बँकेनं सहा महिन्यांचा लेखी हिशेब मागितला. बँकेत खिसे चालत नाहीत. मी वही आखून दिली: तारीख, कुठून कुठं, किलोमीटर, मिळाले किती; फेरी रिकामी असेल तर कारण. ह्यांनी ती इमानदारीनं भरली. एवढी इमानदारी हिशेबाला सोसत नाही, हे नंतर कळलं.

रोज दुपारी एकला एकच नोंद: होटगी रोड ते घर आणि परत, अकरा किलोमीटर, मिळकत शून्य. कारणे अशी:

दात आला म्हणे.
झोपली होती. बघून आलो.
मला बघून रडली (दाढी).
काही नाही. सहज.

बँकेतल्या साहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "हे काय हो? रोज दुपारी रिकामी गाडी जाते कुठं?"

"घरी."

"जेवायला?"

"डबा असतो की गाडीत. पोरीला बघायला, साहेब. आठ महिन्यांची हाय."

साहेबांनी आकडे मांडले. सहा महिन्यांत एक हजार नऊशे ऐंशी किलोमीटर. (एवढ्यात माणूस काशीला पोचून निम्मा परतही येतो.)

"एवढी फेरी बंद करा. महिनाभर वही स्वच्छ दिसली, की कर्ज मिळालंच म्हणा."

सल्ला रास्त होता. आम्ही पाळला. नवव्या दिवशी दुपारी एकला आमची पोर, संस्कृती, पलंगाला धरून पहिल्यांदा उभी राहिली. मी नियमाप्रमाणे नोंद केली: उभी राहिली. उपस्थिती: आई.

संध्याकाळी ह्यांनी ती वाचली. बराच वेळ वाचली. एवढंच म्हणाले, "मालकाचीच रिक्षा बरी हाय की गं."

दुसऱ्या दिवसापासून फेरी पूर्ववत सुरू आहे. कर्ज नाही.

तरी दुपारी एकच्या सुमारास होटगी रोडला आसरा चौकात आपली रिक्षा ऐनवेळी रद्द झाली असेल, दुसरी येईपर्यंत आपण सात मिनिटं उन्हात उभे राहिला असाल आणि रागानं मोबाइलवर पाचपैकी एकच तारा दिला असेल, तर आपली तक्रार योग्यच आहे. फक्त ती सात मिनिटं वाचली असती, तर आपण घरी जाऊन कोणाला बघणार होता, तेवढं कळवावं. भरपाईचं मग बघू.