सासऱ्यांचं शिसवी टेबल

सरांनी उकळत्या दुधाचं पातेलं टेबलावर ठेवलं, ते फक्त फोन घ्यायला. फोन बायकोचा, म्हणजे बाईंचा होता. ती दोन दिवस बहिणीकडे गेली होती.

"चारपर्यंत पोचतेय. सगळं ठीक ना?"

"एकदम!" म्हणत सरांनी पातेलं उचललं. खाली बशीएवढं पांढरं वर्तुळ उमटलं होतं.

टेबल साधंसुधं असतं तर गोष्ट वेगळी. हे सासऱ्यांनी लेकीला दिलेलं अस्सल शिसवी टेबल! गेल्या बत्तीस वर्षांत घरात आलेली प्रत्येक वस्तू त्याच्यापुढे नापास झाली होती. सरांनी हौसेने आणलेल्या कपाटावर बाई एकदाच टकटक करून म्हणाल्या होत्या, "बरंय. पण बाबांची पारखच वेगळी हो!"

शेजारच्या काकूंनी गोडं तेल चोळायला सांगितलं. सरांनी चोळलं. डाग जागचा हलला नाही, पण भोवतालचं लाकूड असं चकाकलं की उरलेलं टेबल आजारी वाटायला लागलं. मग सरांनी तेही चोळून काढलं. आता झळाळत्या टेबलावर डाग आणखीच उठून दिसू लागला.

"स्पिरिट लावा, सर," कोपऱ्यावरचा रंगाचा दुकानदार म्हणाला. "चिंधीवर दोन थेंब. हलक्या हाताने."

सरांचा जन्म भूमिती शिकवण्यात गेलेला. हलका हात त्यांच्या गावी नव्हता. अर्धी बाटली ओतून त्यांनी केंद्रापासून परिघापर्यंत पद्धतशीर घासलं. डाग गेला. सोबत काळा रंगही गेला. चिंधी शाईत बुडवल्यासारखी झाली आणि टेबलाच्या मधोमध फिकट पिवळं लाकूड उघडं पडलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा वाजले होते.

धावाधाव करून बोलावलेल्या पॉलिशवाल्या मिस्त्रीने नखाने खरवडून पाहिलं, टेबलाखाली डोकं घातलं. बाहेर आला तो हसतच.

"शिसवी कोण म्हणालं?"

"म्हणजे?"

"अहो, खोकी करतात ते लाकूड आहे हे! वरून रंगवलंय. रंगवणाऱ्याचा हात मात्र झकास हं."

सर खुर्ची ओढून बसले. बत्तीस वर्षं! मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. चार वाजता बायकोला इथेच उभं करायचं, टकटक करून दाखवायची आणि म्हणायचं... वाक्य ओठांवर आलं, आणि त्यांना आठवलं, तिचे वडील गेले त्या वर्षी ती रोज याच टेबलावर हात ठेवून बराच वेळ नुसती बसायची.

"मिस्त्री," सर म्हणाले, "काळा रंग आहे का?"

दोघेही बाह्या सरसावून कामाला लागले. रंगाचे दोन हात देऊन दुपारभर पंखा टेबलावर रोखून ठेवला. साडेतीनला मिस्त्री गेला, तेव्हा टेबलात चेहरा दिसत होता.

बाई आल्या त्या पिशवी हातात घेऊनच टेबलापाशी थांबल्या.

"अगंबाई! चकाकतंय की!"

"शिसवच ना ते," सर घाईघाईने म्हणाले. "जरा पुसलं एवढंच."

बाईंनी कडेवरून बोट फिरवलं, मान तिरकी करून उजेडात पाहिलं.

"दोनच हात दिलेत वाटतं," त्या म्हणाल्या. "बाबांनी तीन दिले होते. रंगाचा डबा धरून मीच उभी होते."